सुट्टी आपली, धाप त्याची

नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लागलं की घरात सगळ्यात आधी लाल तारखा मोजल्या जातात. २६ जानेवारी कोणत्या वारी आली, १ मे शनिवार-रविवारला चिकटून आहे का, दिवाळीत सलग किती दिवस मिळतात. पूर्वी या हिशेबात आई-वडील, मुलं आणि फार तर गावाकडची मावशी असायची. आता आपल्या शहरातल्या पुष्कळ घरांत आणखी एक जीव मोजावा लागतो. सिडकोतल्या दोन खोल्यांत लॅब्राडॉर आहे, सातारा परिसरातल्या बंगल्यात हस्की आहे, गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये पग आहे. ‘त्याला कुठे ठेवायचं?’ या प्रश्नावर सहल अडते आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘घेऊन जाऊ की बरोबर. गाडीत बसेल.’

हे ‘गाडीत बसेल’ किती महागात पडू शकतं, हे समजून घेण्यासाठी आधी आपल्या शहराची एक अडचण पाहू.

छत्रपती संभाजीनगरहून सुट्टीच्या दिवशी लोक जातात कुठे? वेरूळ तीस किलोमीटर, देवगिरी किल्ला पंधरा, अजिंठा शंभर. घराजवळ बीबी का मकबरा. पाहुणे आले की याच चार ठिकाणांची फेरी ठरलेली. ही सगळी भारतीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत, आणि अशा स्मारकांसाठीच्या १९५९ च्या नियमांनुसार तिथे जनावर आत नेता येत नाही. पट्टा बांधलेला असो, कडेवर घेतलेला असो, नियम तोच. वेरूळच्या तिकीट खिडकीपाशी पोचल्यावर हे कळतं तेव्हा चार माणसांचं कुटुंब परत फिरत नाही. एकजण म्हणतो, ‘अर्ध्या तासात येऊ.’ काचा दोन बोटं खाली घेतल्या जातात, वाटीत पाणी ठेवलं जातं, गाडी लिंबाच्या झाडाखाली लावली जाते. कैलास लेणं अर्ध्या तासात कुणाचंच बघून होत नाही. अजिंठ्याला तर खासगी वाहन फर्दापूरच्या टी-पॉइंटपाशीच थांबतं. तिथून बसने लेण्यांपर्यंत जायचं, सगळी लेणी पाहायची, पुन्हा बसची रांग. तीन-चार तास सहज जातात.

तेवढ्या वेळात बंद गाडीत काय होतं, हे मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००५ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. विषय होता गाडीत विसरलेली मुलं, पण उष्णता मूल आणि कुत्रा असा भेद करत नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं आतलं तापमान एका तासात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं, आणि त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर हवा २२ अंशांची, म्हणजे अगदी सुखद असली, तरी हेच. काचा थोड्या खाली ठेवल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी २८-२९ अंश असतात. मे महिन्यात चाळीस. बेरीज वाचकांनीच करावी. सावलीचा भरवसा धरू नये, कारण सूर्य सरकतो आणि सावलीही. अकराला झाडाखाली लावलेली गाडी साडेबाराला उन्हात असते.

कायद्याचा धाक इथे फारसा उपयोगाचा नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. पार्किंगची पावती कधीकधी याहून महाग पडते. तेव्हा जे करायचं ते आपल्यालाच समजून करावं लागणार.

माणसाच्या साऱ्या अंगाला घाम येतो. कुत्र्याला तो येतो फक्त पंजांच्या गाद्यांवर, तोही नावापुरता. त्याची शरीर थंड करण्याची खरी यंत्रणा आहे धाप. जीभ बाहेर काढून तो भरभर श्वास घेतो तेव्हा जीभ, तोंड आणि नाकाच्या आतल्या ओल्या त्वचेवरून पाणी वाफ होऊन जातं आणि रक्त थंड होतं. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. ते १०६च्या पुढे गेलं की आतडी, मूत्रपिंडं, मेंदू, रक्त गोठण्याची प्रक्रिया, सगळं एकामागून एक बिघडायला लागतं. बंद गाडीत त्याच्याच श्वासाने हवा दमट होते, आणि दमट हवेत पाण्याची वाफ होत नाही. म्हणजे तो जितका जोरात धापा टाकेल तितकी ती धाप निकामी ठरत जाते.

याच कारणाने फक्त उन्हाळ्यापुरती काळजी घेऊन भागत नाही. पावसाळ्यात १५ ऑगस्टला हवा तीस अंशांची पण चिकट असते. ढगाळ आहे म्हणून चेंडू फेकत तासभर पळवलं तर जाड केसांच्या कुत्र्याला तेवढंही पुरतं. इंग्लंडमधल्या प्राणिवैद्यकांनी दवाखान्यांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. उष्माघाताने आलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ७४ टक्क्यांना तो पळण्या-खेळण्यातून, चालण्यातून झाला होता. बंद गाडीमुळे झालेले पाच टक्क्यांच्या आसपास होते. तिथला उन्हाळा म्हणजे आपला फेब्रुवारी, हे लक्षात घ्या. कुत्रा स्वतःहून ‘आता पुरे’ म्हणत नाही. मालक पुढे चालतोय तोवर तो मागे राहत नाही, आणि हा त्याचा स्वभावच त्याच्या जिवावर येतो.

सगळ्यांना धोका सारखा नसतो. पग, बुलडॉग, शिह त्झू यांची नाकं इतकी आखूड की श्वास घ्यायलाच त्यांना कष्ट पडतात. धाप टाकून थंड होणं दूरच. जाहिरातीतल्या गोंडस पगने वीस वर्षांपूर्वी देशभर घराघरांत जागा मिळवली, पण मराठवाड्याच्या हवेत या जातीने जगायचं म्हणजे बारा महिने सांभाळावं लागतं. हस्कीची दुहेरी लव सायबेरियाच्या थंडीसाठी घडलेली. लठ्ठ लॅब्राडॉर, म्हातारे कुत्रे, हृदयाचा त्रास असलेले, हे सगळे याच रांगेत. उलट आपल्याच मातीतला कारवान किंवा लातूर-उदगीर भागातला पश्मी, लांब पायांचा, सडपातळ, लांब नाकाचा. उन्हाला तो बराच पुरा पडतो, पण त्यालाही मर्यादा आहेत. शिकारी मंडळी त्याला पहाटे काढायची, भर दुपारी नव्हे.

लाल तारखा, पण सगळ्या त्याच्या नाहीत

वर्षाचं नियोजन म्हणजे प्रत्येक सुट्टीला कुत्र्याला कुठे न्यायचं याची यादी नव्हे. कोणत्या सुट्टीला त्याला न्यायचं आणि कोणत्या सुट्टीला त्याने घरीच राहणं त्याच्या भल्याचं, हे आधी ठरवणं. लेणी पाहायची तर तो घरी. हा नियम बारा महिने. पाहुण्यांना घेऊन जायचंच असेल तर एक माणूस त्याच्याजवळ घरी थांबेल, हे आदल्या रात्रीच ठरवा. वाहनतळावर वाद घालून ठरत नाही. जाता जाता, वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो. लाल तारीख त्या वाराला आली तर तुमचीही फेरी वाचेल.

कुत्र्याच्या हक्काच्या सुट्ट्या आहेत त्या नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच्या. नाताळ, २६ जानेवारी, १९ फेब्रुवारीची शिवजयंती. सकाळी गारठा, दुपारी सहन होईल असं ऊन. म्हैसमाळला जायचं तर याच दिवसांत. समुद्रसपाटीपासून १०६७ मीटर उंचीवरचं हे पठार शहराहून सुमारे पाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे हवा तीनेक अंशांनी थंड असते. मोकळं रान आहे, गिरिजामातेच्या देवळाकडे जाणारा रस्ता आहे. सकाळी सातला तिथे पोचलात आणि दहाच्या आत परत निघालात तर कुत्र्याइतकं खूश त्या दिवशी कुणी नसेल. मात्र पठाराला कडे आहेत. माकड दिसलं की कुत्रा तुमची हाक ऐकत नाही. पट्टा सोडायचा नाही.

मार्गशीर्षातली चंपाषष्ठी सरकारी सुट्टी नसते, पण सांगायचा मोह होतो. कुत्रा हा खंडोबाचा. घरात तळी भरली की पुष्कळ ठिकाणी नैवेद्याचा पहिला घास आजही त्याला जातो. सातारा गावातल्या खंडोबाच्या देवळात त्या दिवशी मोठी यात्रा भरते. तुमच्या कुत्र्याला मानाचा घास घरीच द्या. यात्रेच्या गर्दीत, हलगी आणि लाउडस्पीकरच्या आवाजात त्याला नेण्यात देवाची सेवा नाही.

गुढीपाडव्याला ही खिडकी बंद होते. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारचं तापमान पस्तीस पार करतं आणि जमीन हवेपेक्षा कितीतरी तापते. उन्हात हवा २५ अंशांची असतानाही डांबर ५० अंशांच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. आपण चपला घालून उभे असतो म्हणून कळत नाही. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. हात उचलावासा वाटला तर तो रस्ता त्याच्या पंजांसाठी नाही. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत, १४ एप्रिल असो, १ मे असो की मुलांची अख्खी उन्हाळी सुट्टी असो, दिवसाच्या सहलीतून कुत्र्याला वगळा. गावी मुक्कामाला न्यायचं असेल तर पहाटे चारला निघून नऊच्या आत पोचा. वातानुकूलित गाडी असली तरी टायर पंक्चर होऊ शकतं, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता रस्त्याच्या कडेला उभी असलेली गाडी भट्टी होते.

याच दिवसांतला आणखी एक, हमखास घडणारा अपघात सांगतो: आंब्याची कोय. आमरसाच्या पंगतीनंतर कोयी कुठेतरी ढिगाने पडतात, कुत्रा चोखतो आणि गिळतो. ती आतड्यात अडकली की उलट्या, पोट ताठ, आणि शेवटी शस्त्रक्रिया. गावाकडच्या घरी गेल्यावर कोयींची बादली झाकून ठेवा.

तब्येत बिघडली तर आधी पाणी, मग गाडी

धाप थांबत नाही, लाळ घट्ट आणि चिकट झाली आहे, हिरड्या गडद लाल दिसतात, तो झोकांड्या खातो, उलटी करतो, आडवा होतो. हा उष्माघात आहे. इथे बहुतेक माणसं एकच चूक करतात: त्याला उचलून गाडीत टाकतात आणि डॉक्टरकडे धाव घेतात. म्हैसमाळहून शहर गाठायला तास लागतो, आणि त्या तासात शरीर आतून शिजत राहतं. आधी थंड करायचं, मग हलवायचं. त्याला सावलीत घ्या आणि अंगावर पाणी ओता, भरपूर, सारखं ओता. ते बर्फाचंच हवं असं नाही; त्याच्या अंगापेक्षा थंड असलेलं कुठलंही पाणी चालतं. टाकीचं, बाटलीतलं, शेतातल्या मोटारीचं. वरून वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पसरून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, पण तोंडात जबरदस्तीने ओतू नका. मग एसी पूर्ण लावून निघा, आणि वाटेतही पाणी लावत राहा. इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या नोंदींत, आणण्यापूर्वी थंड केलेले कुत्रे पाचात जेमतेम एक होते. आपल्याकडेही चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

तो उठून शेपूट हलवायला लागला तरी डॉक्टरला दाखवाच. मूत्रपिंडाचं आणि रक्ताचं नुकसान एक-दोन दिवसांनी वर येतं. जाण्याआधीच आपल्या डॉक्टरांचा सुट्टीच्या दिवशीचा नंबर घेऊन ठेवा, कारण लाल तारखेला दवाखानेही बंद असतात. परभणीच्या दिशेने जात असाल तर तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय लक्षात असू द्या. उदगीरलाही एक आहे.

पाऊस, गवत आणि बिबट्या

जूनमध्ये पाऊस पडला की सगळं शहर म्हैसमाळ आणि खुलताबादच्या रस्त्यावर असतं. १५ ऑगस्टला तर घाटात गाड्यांची रांगच रांग. धुक्यात कडा दिसत नाही, लोक मोठ्याने गाणी लावतात, कणसाचे बुरखंडे आणि कोंबडीची हाडं रस्त्यावर पडलेली असतात, आणि ही दोन्ही कुत्र्याच्या आतड्यात अडकणाऱ्या वस्तूंत वरच्या क्रमांकावर आहेत. त्या गर्दीपेक्षा सकाळी सहाला गोगाबाबा टेकडीची एक फेरी त्याला जास्त मानवेल.

पावसाळ्याचा खरा शत्रू मात्र नखाएवढा असतो. गोचीड. गवतात, भेगांत, ढाब्यावरच्या बाजेखाली, मुक्कामाच्या खोलीतल्या भिंतीच्या फटीत ती वाट बघत असते. तिच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्तातले जंतू येतात. सहलीहून आल्यावर आठ-पंधरा, कधी वीस दिवसांनी कुत्रा जेवण सोडतो, अंग तापतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. तोवर सहल विसरलेली असते, त्यामुळे डॉक्टरांना कुणी सांगतच नाही की आम्ही अमक्या दिवशी शेतावर गेलो होतो. ते सांगा. लवकर ओळखलं तर औषधांनी बरा होणारा आजार आहे. एर्लिकियाचा गोळ्यांचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो आणि तो मध्येच सोडायचा नसतो. गोचीड प्रतिबंधक गोळी महिनाभर किंवा तीन महिने काम करते. ती सहलीच्या काही दिवस आधीच द्यावी, आणि कुत्र्याला फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

साचलेलं पाणी त्याला पिऊ देऊ नका. उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टोस्पायरोसिस पावसाळ्यात तिथूनच होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. हिरवा साय धरलेला तलाव असेल तर त्यात विषारी शेवाळसदृश जिवाणू असू शकतात, आणि ते यकृतावर घाला घालतात. घरून नेलेलं पाणी हाच उपाय. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला लिटरभर. प्रवासात आणि उन्हात याच्या दुप्पट सोबत ठेवा, अंगावर ओतायचं पाणी वेगळं.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य, जायकवाडीचं पक्षी अभयारण्य आणि लोणारचं सरोवर ही तिन्ही आपल्या आवडीची ठिकाणं, आणि तिन्ही अभयारण्यं. तिथे कुत्रा नेऊ नये. कारण फक्त नियमाचं नाही. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने त्यांच्या नमुन्यांत कॅनाइन डिस्टेंपरचा, म्हणजे कुत्र्यांमध्ये सर्रास आढळणाऱ्या आजाराचा विषाणू शोधला. जायकवाडीच्या पाणथळीवर हिवाळ्यात हजारो मैलांवरून आलेले पक्षी चरत असतात. आपल्या कुत्र्याची एक मजेची धाव म्हणजे त्यांची दिवसभराची उपासमार.

आणि उलटाही धोका आहे. संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, उसाच्या शेतीच्या प्रदेशात, बिबट्या काय खातो हे त्याच्या विष्ठेवरून तपासलं. त्याच्या आहाराच्या वजनातला ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांपेक्षाही जास्त. बिबट्या आपल्यालाही परका राहिलेला नाही: डिसेंबर २०१९ मध्ये तो सिडकोच्या एन-१ मध्ये पकडला गेला, आणि जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीत कॅमेऱ्यात दिसला. कन्नड, सोयगाव, वैजापूरच्या बाजूला शेतघरावर मुक्काम असेल तर रात्री कुत्र्याला अंगणात बांधू नका. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. तो आत, तुमच्या खोलीत झोपेल. रात्रीची लघवी टॉर्च घेऊन, दाराशीच.

दसऱ्याच्या सुमाराला गवत वाळतं आणि कुसळ धरतं. आपल्या डोंगरांवरची ही कुसळी धोतराला चिकटते तेव्हा चीड येते. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात शिरली की ती मागे येत नाही, पुढेच सरकते. कानात गेली तर पडद्यापर्यंत जाते. फिरून आल्यावर तो एकाच पायाला चाटत बसला किंवा एकसारखं डोकं झटकत राहिला तर ‘सवय आहे त्याची’ म्हणू नका.

दिवाळी

वर्षातली सगळ्यात मोठी सुट्टी आणि कुत्र्याचा सगळ्यात वाईट आठवडा. त्याला आपल्या दुप्पट उंच स्वरांचे आवाज ऐकू येतात, साधारण ४५ हजार हर्ट्झपर्यंत; आपली मर्यादा वीस हजारांची. सुतळी बॉम्बचा आवाज त्याला कुठून आला, का आला, पुन्हा कधी येणार, यातलं काही कळत नाही. घाबरलेला कुत्रा पळतो, आणि अनोळखी गावी पळाला तर परत येण्याचा रस्ता त्याला ठाऊक नसतो. म्हणून दिवाळीत गावी जाताना पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला बिल्ला हवाच. बरोबर नेणार असाल तर घरातली सगळ्यात आतली खोली त्याची, खिडक्या बंद, पंखा किंवा रेडिओ चालू, संध्याकाळी फटाके सुरू होण्याआधीच बाहेरचं फिरणं उरकलेलं. फारच घाबरत असेल तर भीती कमी करणारी औषधं मिळतात, पण ती डॉक्टरांनी दिलेली आणि दिवाळीच्या आधी एकदा देऊन बघितलेली असावीत. काही जुन्या गुंगीच्या औषधांनी शरीर शिथिल होतं, भीती तशीच राहते; असा कुत्रा शांत दिसतो, पण असतो तो जागच्या जागी खिळलेला. माणसाच्या गोळीचा अर्धा तुकडा देण्याचा उद्योग तर करूच नका.

फराळाच्या डब्यावर लक्ष ठेवा. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्या की धोका हे कुत्र्यागणिक बदलतं. अलीकडे संशोधकांचा संशय द्राक्षातल्या टार्टरिक आम्लावर आहे. तेच आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा चिंच-गुळाची आमटी भातावर घालून त्याला वाढणाऱ्या आजींना हे प्रेमाने सांगावं. चॉकलेट, कांदा-लसूण हे जुनेच शत्रू. तेलकट चकली-शेवेने स्वादुपिंडाला सूज येते आणि भाऊबीज दवाखान्यात जाते.

नेणार नसाल तर पाळणाघर दसऱ्याच्या आधी ठरवा, कारण नंतर जागा मिळत नाही. एकदा जाऊन बघा: जागा कोरडी आहे का, किती कुत्र्यांमागे किती माणसं, रात्री कुणी थांबतं का. लसीकरणाचं कार्ड तिथे मागितलं नाही तर ती जागा टाळा. तुमच्या कुत्र्याचं मागितलं नाही म्हणजे शेजारच्याचंही पाहिलेलं नाही. एक रात्र आधी ठेवून बघितलं तर उत्तम. बऱ्याच कुत्र्यांना मात्र नेहमीच्या घरात, ओळखीच्या माणसासोबत राहणंच सगळ्यात सोयीचं असतं. शेजारच्या काकूंनी दोन वेळा भात-दूध घालून जाणं पुरेसं नाही. त्याला सोबत लागते.

प्रवास आणि कागद

रेल्वेने नेणार असाल तर नियम आधी वाचा. कुत्र्याला माणसांबरोबर डब्यात नेता येतं ते फक्त पहिल्या वर्गात, दोन किंवा चार बर्थचा पूर्ण कूपे तुमच्या नावावर असेल तर. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, चेअर कार, कुठेही नाही. म्हणजे मुंबईला जाणारी आपली वंदे भारत आणि जनशताब्दी दोन्ही बाद. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी. उन्हाळ्यात तो मार्ग मी कुणालाही सुचवणार नाही. दोन्हींसाठी पार्सल कार्यालयात नोंद आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

बहुतेकजण गाडीनेच जातात. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका. पिल्लांचा कानातला तोल सांभाळणारा भाग पुरता तयार नसल्याने त्यांना गाडी लागते, आणि त्यावर डॉक्टरांकडे औषध आहे. महिनाभर आधीपासून दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या मारून सवय करा. मागच्या सीटवर, हार्नेस सीटबेल्टला अडकवून. मांडीवर नाही, पुढे एअरबॅगसमोर नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढलेला कुत्रा फोटोत छान दिसतो, डोळ्यात खडा गेल्यावर दिसत नाही. स्कूटरच्या पायरीवर उभं करून वेरूळ गाठणारे महाभाग आपल्या शहरात आहेत. त्यांना काय सांगावं? समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगाने गाड्या जातात आणि लांबच लांब पट्ट्यांत सावलीचं झाड नाही. तिथे कडेला थांबू नका. विसाव्याच्या अधिकृत जागीच थांबा, आणि दार उघडण्याआधी पट्टा हातात घ्या.

रेबीजची लस तीन महिन्यांच्या पिल्लाला पहिल्यांदा दिली जाते, पण टोचल्या दिवशीच संरक्षण मिळत नाही. तीनेक आठवडे जावे लागतात. इतर लसींचा क्रम पूर्ण व्हायला पिल्लू चार महिन्यांचं होतं. तोवर त्याला सहल नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात. ढाब्यावरच्या भटक्या कुत्र्यांशी झटापट होऊन तुमच्या कुत्र्याला चावा बसला तर लस झालेली असली तरी जखम धुऊन डॉक्टरकडे न्या, बूस्टर लागतो. माणसाला चावा किंवा ओरखडा बसला तर साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. घाटीसह सरकारी रुग्णालयांत ती मिळते. लसीच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आणि महापालिकेचा परवाना गाडीच्या कप्प्यात ठेवा.

घरी परतल्यावर सामान उतरवण्याआधी दहा मिनिटं त्याच्यासाठी काढा. ट्यूबलाइटखाली बसवून कानांच्या आत, बगलेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवा. गोचीड सापडली तर रॉकेल किंवा काडी लावू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. मग तारीख कॅलेंडरवर लिहा, म्हणजे तीन आठवड्यांनी ताप आला तर डॉक्टरांना सांगायला हाताशी राहील.